नादारीचा भार कोणावर?

गेल्या वैशाखांत आमचा पुतण्या सहकुटुंब घरीं आला होता. वीस वर्षांमागें तो नोकरीनिमित्त अमेरिकेंत गेला, तेथेंच स्थायिक झाला, आणि आतां तेथील नागरिकही झाला आहे. त्याचा वडील मुलगा त्यांच्या राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत शिकतो. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत पानसुपारी चालली असतां पुतण्या म्हणाला, ‘‘काका, तुम्ही जन्मभर मास्तरकी केलीत, म्हणून तुम्हांलाच विचारतों. मी मुलाची सबंध फी भरतों. निम्मी कर्ज काढून भरतों. परवां विद्यापीठाचं एक पत्रक वाचलं. त्यांत सरळ छापलं आहे कीं, वाढलेल्या फीचा मोठा हिस्सा गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठीं बाजूला काढला जातो. म्हणजे माझ्या पोराच्या फींतून दुसऱ्याच्या पोराची फी! द्यायला माझी ना नाहीं. पण मला आधीं विचारायला नको? हा न्याय कीं अन्याय?’’

प्रश्न गहन आहे, एवढें म्हणून आम्ही चष्मा पुसूं लागलों. तेवढ्यांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आमच्या कुटुंबाचा निकाल आलाही. ‘‘दुसऱ्याचं पोर पंगतीला बसलं तर त्याला वाढायलाच हवं. पण पातेल्यांतून वाढावं. आपल्याच पोराच्या पानांतलं उचलून त्याच्या पानांत घालतं का कुणी?’’

मंडळी हंसली आणि तो विषय त्या रात्रीपुरता संपला. आमच्या मनांतून मात्र तो गेला नाहीं. पुतण्या परत गेल्यावर त्याच्याकडून कांहीं कागद मागविले, कांहीं येथील ग्रंथालयांत चाळले, व दोनतीन महिने त्याच विचारांत काढले. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्या घरांतून मुलें आज परदेशीं शिकत आहेत, किंवा येथेंच मोठमोठ्या फिया भरून शिकत आहेत, त्यांना तें अगदींच परकें वाटणार नाहीं.

आरंभ आमच्याच घरापासून करावयास हवा. आमचे वडील कोंकणांतून शिक्षणासाठीं पुण्यास आले, तेव्हां त्यांच्यापाशीं एक पंचा, एक तांब्या व एक पत्र एवढीच पुंजी होती. सात घरीं सात वार लावून ते जेवत आणि शाळेंत त्यांना नादारी होती. ‘हेडमास्तरांनीं मला नादारी दिली,’ हें वाक्य त्यांनीं आम्हांस किती वेळां ऐकविलें असेल, त्याची गणती नाहीं. त्या हेडमास्तरांची तसबीर आमच्या घरीं देवघराशेजारीं होती. पुढें आम्ही स्वतः शिक्षक झालों व जुनीं फी-पुस्तकें पाहण्याचा प्रसंग आला, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. नादारीचा पैसा कोठूनच येत नसे. मुलाच्या नांवापुढें फीच्या रकान्यांत एक आडवी रेघ ओढली जाई, इतकेंच. शिक्षकांचा पगार, खडू, घरभाडें हीं कांहीं त्या रेघेनें कमी होत नसत. सरकारी अनुदान व एखाद्या दात्याची देणगी वजा जातां बाकीचा खड्डा इतर मुलांच्या फीनेंच भरावा लागे. म्हणजे आमच्या वडिलांचें बीजगणित त्यांच्या शेजारीं बसणाऱ्या मुलांच्या बापांनीं पुरविलें होतें. त्या बापांना याची कल्पना नव्हती, वडिलांनाही नव्हती. आणि तसबीर मात्र हेडमास्तरांची लागली.

आमच्या वेळीं रीत बदललेली होती. १९५९ सालीं त्या वेळच्या मुंबई राज्यानें आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांसाठीं फीची सवलत सुरू केली. ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना ‘ई. बी. सी.चा फॉर्म’ हे शब्द ऐकतांच तलाठ्याच्या दाखल्यासाठीं मारलेले हेलपाटे आठवतील. आमच्या काळीं वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १२०० रुपये होती व आमच्या घरचें उत्पन्न त्या मर्यादेंत बसविण्यास कसलीही लबाडी करावी लागत नव्हती. येथें फीच्या रकान्यांत रेघ नसे. मुलाची फी सरकार शाळेला देई. ती उशीरां येई हें खरें. पण येई ती सबंध राज्याच्या तिजोरींतून.

ह्या दोन रीतींतील भेद आमच्या कुटुंबानें पान आणि पातेलें ह्या दोन शब्दांत सांगितला होता. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या माणसाला तो समजावून द्यावा लागत नाहीं. धाकट्या भावाची मिळकत बुडाली तर त्याच्या मुलांचा खर्च कर्ता कोठींतून करतो. थोरल्या भावाच्या मुलाचें दूध तोडून करीत नाहीं. कोठी भरण्यास मात्र थोरल्यानें अधिक घालावयाचें असतें, व तें तो कुरकुरत कां होईना घालतो. आतां अमेरिकेंत कोठी सोडून पानाकडे लोक कसे वळले, हें पाहावयाचें.

अमेरिकेंतील सार्वजनिक विद्यापीठें हीं त्या त्या राज्यांनीं स्थापन केलेलीं व करांच्या पैशांतून पोसलेलीं आहेत. त्यांपैकीं कॅलिफोर्नियाचें उदाहरण घेतों, कारण त्या राज्याइतक्या उंचीवरून इतक्या लांब घसरण दुसऱ्या कोणाची झाली नसेल. १८६८ सालीं ज्या कायद्यानें कॅलिफोर्निया विद्यापीठ स्थापन झालें, त्यांतच असें म्हटलेलें होतें कीं, विद्यापीठाचें उत्पन्न पुरेसें होतांच राज्यांतील रहिवाशांना प्रवेश व शिकवणी विनामूल्य असावी. पुढें जवळजवळ शंभर वर्षें हें वचन पाळलें गेलें. किरकोळ आकार घेत, पण शिकवणीचा पैसा राज्यांतील मुलाकडून घेत नसत. १९६० सालीं क्लार्क कर हे विद्यापीठाचे अध्यक्ष असतांना उच्च शिक्षणाची जी प्रसिद्ध बृहद्योजना तयार झाली, तिनेंही रहिवाशांना शिकवणी फुकट हें तत्त्व पुन्हा उच्चारलें.

मग १९६७ सालीं रोनाल्ड रेगन राज्यपाल झाले. पुढें राष्ट्राध्यक्ष झाले तेच हे गृहस्थ. त्यांनीं येतांच विद्यापीठाचा खर्च कमी करण्याचा व विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेण्याचा आग्रह धरला. क्लार्क कर यांना त्याच महिन्यांत पदावरून दूर व्हावें लागलें. फीचा निर्णय लगेच झाला नाहीं. परंतु १९७० सालीं ‘शैक्षणिक आकार’ ह्या नांवानें ती सुरू झाली. ‘ट्यूशन’ हा शब्द उच्चारण्याची लाज मात्र पुढें चाळीस वर्षें टिकली. २०१० सालीं विद्यापीठाच्या नियामक मंडळानें ती लाजही सोडली आणि जें होतें त्याला त्याच्या नांवानें हांक मारली. आमच्या मतें ह्या सबंध इतिहासांतील हा एक प्रामाणिक क्षण होय.

राज्याची तिजोरी जेव्हां जेव्हां आटली तेव्हां तेव्हां फी वाढली. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर तर कहर झाला. नोव्हेंबर २००९ मध्यें नियामक मंडळानें एकदम ३२ टक्के वाढ मंजूर केली. लॉस अँजेलिसच्या आवारांत विद्यार्थ्यांनीं निदर्शनें केलीं, कित्येक पकडले गेले. आणि २०११ सालीं विद्यार्थ्यांच्या फीचें उत्पन्न राज्याच्या अनुदानाच्या पुढें गेलें. विद्यापीठाच्या इतिहासांत असें प्रथमच घडलें.

येथेंच पुतण्याच्या प्रश्नाचा उगम आहे. फी वाढवितांना मंडळ एक गोष्ट नेमानें करीत आलें: वाढीव उत्पन्नाचा सुमारें एकतृतीयांश भाग गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठीं वेगळा काढणें. म्हणजे फी हजार डॉलरांनीं वाढली तर त्यांतले ३३० च्या वर डॉलर पुन्हा विद्यार्थ्यांकडेच, परंतु ज्याच्याकडून आले त्याच्याकडे नव्हे, परत जावयाचे. ह्याच पायावर २००९-१० मध्यें ‘ब्लू अँड गोल्ड’ नांवाची योजना उभी राहिली. वर्षाला ६०,००० डॉलरांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलाला शिकवणीची फी पडूं द्यावयाची नाहीं, असें तींत ठरलें. लौकरच ती मर्यादा ८०,००० डॉलरांवर नेण्यांत आली. जुलै २०२१ मध्यें मंडळानें आणखी पुढचें पाऊल टाकलें. एका सालीं दाखल झालेल्या मुलांची फी सहा वर्षांपर्यंत कायम ठेवावयाची, मात्र प्रत्येक नव्या तुकडीची थोडी वाढवावयाची, आणि त्या वाढीव पैशांतील एकतृतीयांशाऐवजीं ४५ टक्के मदतीकडे वळवावयाचे. परिणाम असा कीं, राज्यांतील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकीं निम्म्याहून अधिक विद्यार्थी तेथें शिकवणीची फी मुळींच भरीत नाहींत.

हा शेवटचा आंकडा वाचून आम्ही पुस्तक खालीं ठेवलें. फी डोंगराएवढी आणि निम्म्या मुलांना ती शून्य! ही कोठली किमया?

किमया नाहीं, तीन खिशांची जुळवाजुळव आहे. गरीब मुलाला प्रथम केंद्र सरकारचें पेल अनुदान मिळतें. १९७२ सालीं सुरू झालेल्या ह्या अनुदानाला पुढें सिनेटर क्लेबोर्न पेल यांचें नांव देण्यांत आलें. मग राज्याची ‘कॅल ग्रँट’ येते, व ती पात्र विद्यार्थ्याची विद्यापीठाची शिकवणीची फी भागविते. उरलें तें विद्यापीठाच्या स्वतःच्या, म्हणजे इतरांच्या फींतून काढलेल्या, मदतीनें पुरें होतें. यांतली खोंच अशी कीं, फी वाढली म्हणजे कॅल ग्रँटही त्या मानानें वाढावी लागते. राज्यानें पुढच्या दारानें अनुदान कमी केलें, पण मागच्या दारानें गरिबाच्या वाढीव फीचा पैसा त्याच राज्याला द्यावा लागला. आणि राज्यानें फी दिल्यामुळें विद्यापीठाजवळची बाजूला काढलेली रक्कम त्या मुलाच्या खोलीभाड्यास, जेवणास व पुस्तकांस उपयोगी पडूं लागली. म्हणून विद्यापीठाचे चालक म्हणतात कीं, फीवाढीनें अतिगरिबाचें नुकसान तर नाहींच, उलट थोडा लाभच होतो. ऐकावयास हें विपरीत वाटतें, पण हिशेब बरोबर आहे. आम्हीं तो कागदावर दोनदां मांडून पाहिला.

मग बोजा कोणावर पडला? श्रीमंतावर पडला, पण त्याला तो जाणवत नाहीं. जाणवतो तो मर्यादेच्या रेषेवरून नुकत्याच पलीकडे पडलेल्या कुटुंबाला. घरांत दोघें नोकरी करतात, घराचें कर्ज आहे, आईवडील थकलेले आहेत, आणि उत्पन्न रेषेहून थोडेंसेंच अधिक आहे. अशा घरची स्थिति काय असते, हें ह्या मासिकाच्या वाचकांना आम्हीं सांगावयास नको. कॅलिफोर्नियांतही ही ओरड इतकी वाढली कीं, २०१३ सालीं तेथील विधिमंडळाला खास ‘मध्यमवर्गीय शिष्यवृत्ति’ निर्माण करावी लागली. आधीं मध्यमवर्गाकडून घ्यावयाचें, मग त्यालाच थोडें परत करण्यासाठीं नवें खातें उघडावयाचें!

येथवर वाचून वाचक म्हणतील कीं, मास्तरांचा कौल ठरला. पातेलें खरें, पान खोटें. आम्हांलाही प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु १९६९ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठांतील हॅन्सन व वाइसब्रॉड ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं एक अडचणीचा प्रश्न विचारून ठेवला आहे व तो टाळून पुढें जातां येत नाहीं. फुकट शिक्षणाच्या सुवर्णकाळांतील कॅलिफोर्नियाच त्यांनीं तपासावयास घेतला. कोठींतून वाढतां, हें ठीक. पण पंगतीला बसलें आहे कोण? त्यांना आढळलें कीं, ज्या कुटुंबांचीं मुलें विद्यापीठांत होतीं त्यांचें सरासरी उत्पन्न, ज्यांचें कोणीच महाविद्यालयांत नव्हतें त्या कुटुंबांहून बरेंच जास्त होतें. आणि विद्यापीठांतील प्रत्येक मुलावर राज्याचा खर्चही सर्वांत अधिक होता. कर तर सर्वच भरीत होते. न्हावी भरीत होता, मोटार हांकणाराही भरीत होता. म्हणजे गरिबाच्या घामानें भरलेल्या कोठींतून सधनाच्या मुलाला तूपपोळी! ब्रुकिंग्ज संस्थेच्या पेचमन यांनीं दुसऱ्याच वर्षीं ह्यास उत्तर दिलें कीं, सधन मनुष्य करही त्या प्रमाणांत अधिक भरतो. तो हिशेबांत धरला तर निष्कर्ष पालटतो. तो वाद अर्थशास्त्रज्ञांत पुढें पुष्कळ चालला. आम्ही त्यांत पडत नाहीं. एवढें मात्र आम्हांस कबूल करावें लागतें कीं, फुकट म्हणजे न्याय्य असें आपोआप ठरत नाहीं. आमच्याच शाळेंत मुलें मोटारीनें येत आणि फी मात्र सर्वांना सारखीच दोन आकडी असे. त्यावेळीं कोणी आक्षेप घेतल्याचें स्मरत नाहीं.

कॅलिफोर्नियाची गोष्ट पुरी झाली. आतां इतर तीन राज्यांनीं काय केलें तें थोडक्यांत पाहूं, कारण पुतण्याचा खरा सल, ‘मला विचारलें कां नाहीं’ हा, तेथें उघडा पडतो.

टेक्सस राज्यानें २००३ सालीं, तिजोरींत तूट असतां, फी ठरविण्याचा अधिकार विद्यापीठांच्या हातीं दिला. देतांना अट घातली कीं, राज्यांतील विद्यार्थ्याकडून एका ठराविक रकमेवर, म्हणजे दर अभ्यासतासास ४६ डॉलरांवर, जी फी घ्याल तिच्यांतील निदान १५ टक्के गरजूंसाठीं काढून ठेवा. आम्हांस विशेष आवडलें तें पुढचें कलम: विद्यार्थ्याला त्याच्या फींतून किती रक्कम अशी बाजूला काढली हें कळविलें पाहिजे. आमच्या वडिलांच्या वर्गांतील मुलांच्या बापांना अशी चिठ्ठी कोणी दिली असती तर काय झालें असतें, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कदाचित् दोघेचौघे भांडले असते. कदाचित् कोणी म्हणालाही असता कीं, तो जोश्यांचा मुलगा ना? शिकूं द्या.

आयोवांत मात्र माहिती कळतांच भांडणच झालें. तेथील नियामक मंडळाचा नियम होता कीं, तिन्ही सार्वजनिक विद्यापीठांनीं फीच्या उत्पन्नाचा निदान १५ टक्के भाग मदतीसाठीं ठेवावा. वर्षानुवर्षें तें निमूटपणें चाललें होतें. २०१२ सालीं ही गोष्ट वर्तमानपत्रांतून गाजली. आईबाप म्हणूं लागले कीं, आमचीं मुलें कर्ज काढून दुसऱ्यांना शिकवीत आहेत. त्याच वर्षीं मंडळानें राज्यांतील विद्यार्थ्यांच्या फींतून मदत देणें टप्प्याटप्प्यानें थांबविण्याचें ठरविलें व भार माजी विद्यार्थ्यांच्या आणि दात्यांच्या देणग्यांवर टाकण्याचा बेत केला. देणगी ही उत्तम गोष्ट आहे, परंतु ती वळवाच्या पावसासारखी, आल्यास आली. शिवाय प्रसिद्ध विद्यापीठाला दाते पुष्कळ, लहानाला थोडे. आणि गरीब मुलें बहुधा लहानाकडेच अधिक. वार लावून जेवणाऱ्या पोराला विचारा. बुधवारचें घर गांवाला गेलें म्हणजे बुधवारीं एकादशी! आमच्या वडिलांना अशा एकादश्या पुष्कळ घडल्या होत्या.

नॉर्थ कॅरोलायना राज्याचा प्रकार मधला. त्या राज्याच्या घटनेंतच लिहिलेलें आहे कीं, सार्वजनिक विद्यापीठाचा लाभ राज्यांतील लोकांना, शक्य असेल तोंवर, विनाखर्च मिळावा. ‘शक्य असेल तोंवर’ हे तीन शब्द कोणत्याही तिजोरीला निसटून जाण्यास पुरेसे आहेत. तेथील मंडळानें ऑगस्ट २०१४ मध्यें फीच्या उत्पन्नांतून गरजूंना द्यावयाच्या मदतीवर १५ टक्क्यांची मर्यादा घातली. जीं विद्यापीठें त्याहून अधिक देत होतीं, त्यांना होतीं तेथेंच थांबविलें.

हा सारा परक्यांचा व्यवहार आहे असें समजून कोणी पान उलटूं नये. आपल्याकडे हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांसाठीं १९९३ सालीं उन्नीकृष्णन खटल्यांत न्यायालयानें एक योजना घालून दिली: निम्म्या जागा गुणवत्तेवर सरकारी दरानें, त्यांना ‘मोफत जागा’ म्हणत, आणि निम्म्या जागा भरपूर फी घेऊन. दुसऱ्यांच्या फीनें पहिल्यांचा खर्च निघावा, ही कल्पना. महाराष्ट्रांत त्या वेळीं मुलगा किंवा मुलगी बारावी झालेली होती अशा घरांना ‘फ्री सीट’ व ‘पेमेंट सीट’ हे शब्द अजून झोंपेंत ऐकूं येत असतील. २००२ सालीं टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यांत अकरा न्यायाधीशांच्या पीठानें ती योजना मोडीत काढली. एका विद्यार्थ्यानें दुसऱ्याचा भार कां उचलावा, हा प्रश्न होताच. पण अनुभवाचा दाखला त्याहून बोचरा होता. मोफत जागा बहुतकरून सधन घरांतील, चांगल्या शाळांतून व शिकवण्यांतून तयार झालेल्या मुलांकडे जात, आणि पैसे भरणारांत कमी ऐपतीचे कित्येक असत. म्हणजे धर्मादाय उलट्या दिशेनें वाहत होता! मदत गरज पाहून दिली नाहीं, गुणपत्रिका पाहून दिली, त्याचें हें फळ. कॅलिफोर्निया निदान उत्पन्नाचा दाखला तरी पाहतो.

सरकारी संस्थांकडे यावें तर २०१६ सालीं भारतीय तंत्रज्ञान संस्थांची, म्हणजे आपल्या पवईच्याही, वार्षिक फी ९०,००० रुपयांवरून दोन लाखांवर नेण्यांत आली. त्याच वेळीं अनुसूचित जातिजमातींच्या व अपंग विद्यार्थ्यांना, तसेंच ज्यांचें कौटुंबिक उत्पन्न एक लाखाच्या आंत आहे त्यांना, ती सर्व माफ झाली, व एक ते पांच लाखांच्या मधल्यांना दोनतृतीयांश. कोणाच्या फींतून कोणाला, हें तेथें लिहिलेलें नाहीं; पण एकाची फी दुपटीहून वाढविणें आणि दुसऱ्याची पुसून टाकणें हीं दोन कलमें एकाच निर्णयांत शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत. उलट जुलै २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास वर्गांत मोडणाऱ्या मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी सबंध आपण भरण्याचें ठरविलें. ही आमच्या ई. बी. सी.ची नात म्हणावयास हरकत नाहीं. दोन्ही रीती एकाच देशांत, एकाच शहरांत सुद्धां, सुखानें नांदत आहेत.

आणखी एक वाटा आहे, तो बहुतेकांच्या नजरेंतून सुटतो. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांत बाहेरच्या राज्यांतून व परदेशांतून पदवीसाठीं येणाऱ्या मुलाकडून मूळ फीवर वर्षाला तीस हजार डॉलरांहून अधिक जादा आकार घेतात, आणि त्या उत्पन्नाचा राज्यांतील मुलांच्या शिक्षणाला आधार होतो, हें विद्यापीठ स्वतःच सांगतें. त्या परदेशी मुलांत पुण्यामुंबईचींही आहेत. येथें एखाद्या बापानें सदनिका गहाण टाकून पाठविलेल्या पैशांतला कांहीं अंश तेथील एखाद्या शेतमजुराच्या मुलीला वर्गांत बसवीत असेल. त्यानें तक्रार करावी काय? तो आपखुषीनें गेला आहे, त्याला कोणी बोलाविलें नव्हतें, असें म्हणतां येईल. आमची जीभ मात्र तसें म्हणण्यास वळत नाहीं.

कोणाकडे मागावें, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत वरतंतूचा शिष्य कौत्स चौदा कोटींची गुरुदक्षिणा मागावयास निघाला तो सहाध्यायांकडे गेला नाहीं, राजाकडे गेला. राजा विश्वजित् यज्ञ करून निष्कांचन झालेला, मातीच्या पात्रानें अर्घ्य देत असलेला. तरीही रघूनें त्याला रिकाम्या हातीं लावून दिलें नाहीं. कुबेरावर स्वारी करण्यास तो सज्ज झाला. आम्ही हा सर्ग कित्येक वर्षें शिकविला आणि दरवेळीं रघूच्या औदार्याची टिपणें मुलांना लिहून दिलीं. तिजोरी रिकामी आहे हें कारण रघूला पुरेसें वाटलें नाहीं, ही गोष्ट आमच्या स्वतःच्या ध्यानांत मात्र परवां परवां आली.

भाद्रपदांत आम्हीं पुतण्यास सविस्तर पत्र लिहिलें. त्यांत सांगितलें कीं, तुझ्या काकूचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. वाढावयाचें तें पातेल्यांतूनच वाढावें. पण तुझ्या मुलाचें पान तरी सर्वस्वीं तुझें आहे काय? राज्यांतील रहिवासी म्हणून तूं भरतोस ती ‘सबंध फी’ खऱ्या खर्चाहून कमीच असते. बाकीचें तुझ्या राज्याचे करदाते घालतात, आणि ज्यांचीं मुलें विद्यापीठाच्या दारापर्यंतही पोंचत नाहींत असे लोक त्यांत आहेत. तुझ्या पानांतील पोळीही थोडी कोठींतलीच आहे. कोठीला कुलूप लागल्यावर गरिबाच्या पोराला उपाशी उठविण्यापेक्षां पानांतला घास द्यावा लागला तर आम्ही त्याला अन्याय म्हणणार नाहीं. मात्र किती घेतला तें सांगून घ्यावा, आणि ज्याच्या पानांत मुळांतच दोन घास आहेत त्याच्याकडून घेऊं नये. आयोवाच्या आईबापांचा राग आम्हांस समजतो, पण त्यांनीं तो घास बंद करविला आणि कोठीचें कुलूप तसेंच ठेवलें, हें आम्हांस पटत नाहीं. आमच्या वडिलांच्या नांवापुढें रेघ ओढली गेली नसती तर ते कोंकणांत परत गेले असते, आम्ही मास्तर झालों नसतों, आणि तुझ्या वडिलांनीं तुला अभियांत्रिकीला घातलें असतें कीं नाहीं, देव जाणे.

पत्राच्या शेवटीं एक प्रश्न विचारला. तूं आतां तेथील नागरिक आहेस. तुझ्या राज्याच्या विधिमंडळानें विद्यापीठाचें अनुदान कमी केलें, त्या सालच्या निवडणुकींत तूं मत दिलें होतेंस काय, व दिलें असल्यास कोणाला?

उत्तर अद्याप आलेलें नाहीं. दिवाळीचें शुभेच्छापत्र मात्र वेळेवर आलें. मुलाच्या पुढल्या सत्राची फी भरली, असें त्यांत खालीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें.